दोघांची पेढी

लग्नाच्या अक्षता टाकायला वकिलाला कोणी मुद्दाम बोलावीत नाही. पेढीच्या उद्घाटनाला पूजा सांगण्यासाठी भटजी लागतात, नारळ वाढवायला गावातला एखादा प्रतिष्ठित गृहस्थ लागतो. आमची आठवण होते ती पेढी बुडताना, घर फुटताना, संसाराचा काडीमोड होताना. त्यामुळे माणसे एकत्र कशी येतात याविषयी आमचे ज्ञान बेताचेच आहे. परंतु ती वेगळी कशी होतात, याचा अनुभव मात्र आमच्या गाठीला पुष्कळ जमला आहे. संबंध तोडणे कोणालाही जमते. त्यातला नासलेला भाग तेवढा काढून धड भाग जपून ठेवणे हे हजारांत एखाद्यालाच साधते, असे आम्हांस या अनुभवावरून वाटू लागले आहे.

कायद्याचीही या बाबतीत फारशी मदत होत नाही. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, जी भागीदारी मुदत न ठरविता केवळ परस्परांच्या इच्छेवर चालते, ती कोणाही एका भागीदाराने दुसऱ्यास लेखी नोटीस दिली की संपुष्टात येते. कागदाचा एक चतकोर पुरे. परंतु स्नेही, सहचर, सहकारी आणि भागीदार अशी चार नाती एकाच दोन माणसांत गुंतलेली असली, तर त्यांपैकी एक तोडून उरलेली तीन राखण्याची नोटीस कशी लिहावी, ते आमच्या कपाटातील कोणत्याही ग्रंथात दिलेले नाही.

आज ज्या जोडीविषयी लिहावयाचे योजिले आहे, ती आपल्या बहुतेक वाचकांना अनोळखी असण्याचा संभव आहे. ब्रिटनमधील विजेच्या वाद्यांवर गाणारी ही दोन माणसे. अ‍ॅनी लेनॉक्स ही बाई, डेव्ह स्ट्यूअर्ट हे गृहस्थ, आणि दोघांच्या पेढीचे नाव युरिद्मिक्स. ज्या गीताने त्यांना जगभर नेले ते १९८३ साली निघाले, तेव्हा आम्ही धुळाक्षरेही गिरवू लागलो नव्हतो. पुढे विधी महाविद्यालयाच्या वसतिगृहात शेजारच्या खोलीतील एक विद्यार्थी ते गीत रात्रंदिवस टेपवर लावी, आणि हिंदू कायद्यातील सहदायादांचे हक्क आम्ही त्या तालावर पाठ केले. त्या वेळी ते कानांवर पडले इतकेच. त्यामागची हकीकत मागाहून वाचण्यात आली, आणि मग तिने आमचा पिच्छा सोडला नाही. देवळाच्या उत्सवात अभंग आणि नाट्यगीते ऐकणाऱ्या वाचकांपुढे विलायती रॉक संगीताची कथा मांडावी का, असा प्रश्न मनात आलाच. पण या कथेतली वाद्ये तेवढी परकी आहेत. पेच आपल्या ओसरीवरचा आहे.

लेनॉक्सबाईंचा जन्म स्कॉटलंडातील अ‍ॅबर्डीन या बंदरात १९५४ च्या नाताळच्या दिवशी झाला. वडील जहाजांच्या कारखान्यात कामाला. मुलगी एकुलती एक. तिला पियानो आणि कळांची धातूची बासरी शिकविली. विशीच्या आतच ती लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिक या नामांकित संस्थेत दाखल झाली, तेथे तीन वर्षे काढली, आणि अखेरची परीक्षा तोंडावर आली असता संस्था सोडून बाहेर पडली. शास्त्रीय वाद्यवृंदात बासरी फुंकण्यात आपले आयुष्य जावयाचे नाही, एवढे तिला कळून चुकले होते. ते कशात जावयाचे आहे, हे कळले नव्हते. मग पोटासाठी हॅम्पस्टेड भागातल्या एका उपाहारगृहात ती वाढपाचे काम करू लागली.

स्ट्यूअर्ट हे सन्डरलंडचे, वयाने दोन वर्षांनी मोठे. तेही जहाजे बांधणारेच गाव. लहानपणी त्यांना फुटबॉलचे वेड होते. गुडघा दुखावला, खेळ सुटला आणि हाती गिटार आली. १९७५-७६ च्या सुमारास एका स्नेह्याबरोबर ते त्या उपाहारगृहात गेले, आणि पहिल्याच भेटीत आपण विवाहाची मागणी घातली असे ते सांगतात. लग्न काही झाले नाही. परंतु त्यानंतरची काही वर्षे दोघांचा संसार एकत्र होता.

१९७७ पासून त्यांचा जो संच जमत गेला, त्याचे पुढे टूरिस्ट्स असे नाव पडले. संच पाच जणांचा, आणि त्यातली बहुतेक गीते पीट कूम्ब्ज नावाच्या तिसऱ्याच गृहस्थांची. लेनॉक्सबाईंनी ती गावी, स्ट्यूअर्टनी साथ करावी. १९७९ साली त्यांचे एक गीत ब्रिटनच्या खपाच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले, पण तेही उसने. डस्टी स्प्रिंगफील्ड या गायिकेने १९६३ साली गाजविलेले. शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, आणि सर्वांत अधिक टाळ्या पडल्या त्या त्यावरच. वृत्तपत्रांनी त्यांची टर उडविली. ती ध्वनिमुद्रणे आम्ही ऐकली आहेत. टर अगदीच अन्यायाची होती असे आमच्याने म्हणवत नाही. बाईंचा आवाज त्यांत आहे, पण पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा, अंग चोरून.

१९८० साली हा संच दौऱ्यावर ऑस्ट्रेलियात गेला. तेथे वागा वागा या गावी हॉटेलात मुक्काम असता स्ट्यूअर्ट एका छोट्याशा सिंथेसायझरशी चाळा करीत बसले होते. पाच माणसांना जे साधत नव्हते ते दोन माणसे आणि एक यंत्र यांना साधेल, हा विचार तेथे उगवला. वर्ष सरता सरता टूरिस्ट्स मोडले. आणि नेमके त्याच सुमारास या दोघांमधले प्रेमाचे नातेही संपले.

असे जोडपे आमच्या कचेरीत आले असते तर आम्ही काय केले असते, ते आम्हांस नक्की ठाऊक आहे. वाद्यांची यादी केली असती, देण्याघेण्याचा तक्ता मांडला असता, कोणते नाव कोणी वापरावयाचे याचा मसुदा लिहिला असता, आणि दोघांच्या सह्या घेऊन, दोघांना दोन वेगळ्या दारांनी वाटेला लावले असते. त्यात आमची काही चूक झाली असे कोणी म्हटले नसते. हे दोघे मात्र कोणाच्या कचेरीत गेले नाहीत. ज्या सुमारास संसार आटोपला त्याच सुमारास त्यांनी पेढी उघडली, आणि तिचा नियम असा ठरविला की कायमचे सभासद दोघेच. बाकीचे वादक लागतील तसे यावेत, जुळेल तोवर राहावेत आणि जावेत. गीते दोघांनी मिळून रचावीत. कागदावर काही ठरलेले नसेल तेव्हा नफ्यात भागीदार सारखेच वाटेकरी, असे आमचा भागीदारी कायदाही सांगतो. परंतु ज्या माणसाबरोबर नुकतेच अंथरूण-पांघरूण वेगळे केले त्याच्याबरोबर सारखा वाटा मागणे आणि देणे, हे कायद्याच्या कलमाने होत नाही.

नाव त्यांनी घेतले ते बाईंच्या बालपणातून. एमिल झाक-दालक्रोझ या स्विस संगीतशिक्षकाने मुलांना लय शिकविण्याची एक पद्धत बसविली होती. लय आधी अंगात भिनवावयाची. चालावे, वळावे, हात हलवावेत, आणि मग वाद्याला हात लावावा. तिचे नाव युरिद्मिक्स. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ सुलय असा काहीसा होतो. दिंडीत टाळांच्या ठेक्यावर पावली खेळलेल्या आपल्या मुलांना या पद्धतीत नवल वाटू नये. अ‍ॅबर्डीनच्या त्या मुलीने लहानपणी ते धडे घेतले होते.

पेढी उघडली म्हणून गिऱ्हाईक येतेच असे नाही. पहिला गीतसंग्रह त्यांनी जर्मनीत कोलोनजवळ, कॉनी प्लांक या नामवंत ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली केला. साथीला चांगले चांगले वादक होते. तो १९८१ साली निघाला आणि कोणाच्या फारसा लक्षातही आला नाही. त्यातले एक गीत ब्रिटनच्या यादीत त्रेसष्टाव्या क्रमांकाला लागले, तेवढेच. पुढची दोन वर्षे वाईट गेली. स्ट्यूअर्ट यांचे फुप्फुस निकामी होऊन त्यांना दवाखाना गाठावा लागला. लेनॉक्सबाईंचे मन खचले, त्यांना घराबाहेर पडणेही नकोसे झाले. जुना संच गेला, सोबतीचे घर गेले, पैसा नाही, कीर्ती नाही, आणि रोज सकाळी ज्याचे तोंड पाहावयाचे तो माणूस नेमका तोच. या दोन वर्षांविषयी गाण्याच्या चरित्रग्रंथांत दोन परिच्छेद असतात. आम्हांस ती दोन वर्षे साऱ्या कथेचा गाभा वाटतात.

या अवस्थेत स्ट्यूअर्ट यांनी केलेली गोष्ट व्यापारी माणसाला शोभणारी होती. ते बाईंना घेऊन बँकेच्या व्यवस्थापकाकडे गेले आणि कर्ज मागितले. गाण्याच्या धंद्याला, त्यातून बुडालेल्या संचातील दोघांना, कर्ज देणारा तो व्यवस्थापक कोण होता हे आम्हांस पाहावयास आवडले असते. आमच्या ओळखीच्या बँकांतून असा अर्ज टेबलाच्या कडेवरूनच परत गेला असता. त्या पैशांतून आठ पट्ट्यांचे ध्वनिमुद्रणयंत्र आणि काही जुनीपानी सामग्री घेतली. मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांत तेव्हा चोवीस पट्ट्यांची यंत्रे असत. लंडनच्या चॉक फार्म भागात तसबिरींच्या चौकटी बनविणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी बिऱ्हाड मांडले. खाली लाकडाच्या चौकटी, वर हे दोघे. आता वेळेचे भाडे कोणाला द्यावयाचे नव्हते. चुकावे, पुसावे, पुन्हा वाजवावे. हिशेब मागणारे कोणी नाही.

याच माडीवर ‘स्वीट ड्रीम्स’ हे गीत जन्मले. त्या दिवशी बाई अगदी हताश होऊन अंग मुडपून पडल्या होत्या. सारे सोडून द्यावे असे त्यांच्या मनात होते. स्ट्यूअर्ट पलीकडे एका नव्या ढोलयंत्राशी झटत होते. मूव्हमेंट नावाचे ते यंत्र तेव्हा नुकतेच निघाले होते आणि फार थोड्यांकडे होते. त्यातून एक धीरगंभीर ठेका सुरू झाला. तो कानांवर पडताच बाई उठल्या, शेजारच्या सिंथेसायझरकडे गेल्या आणि त्या ठेक्यावर त्यांनी स्वर टाकले. दोघांचे दोन तुकडे एकमेकांत असे बसले की जणू आधीच मापून कापले होते. शब्द बाईंचे, जगात ज्याला त्याला काहीतरी हवे आहे आणि त्यासाठी कोणी कोणाला वापरतो, कोणी वापरून घेतो, असा त्यांचा कडवट आशय. तो फारच काळोखा होतो असे स्ट्यूअर्ट यांना वाटले, म्हणून मध्ये मान ताठ ठेवण्याचा धीर देणारा एक लहानसा भाग घातला गेला. त्या भागात जो किणकिणाट ऐकू येतो, तो दुधाच्या रिकाम्या बाटल्यांचा आहे. बाटल्यांत कमीअधिक पाणी भरून त्यांनी स्वर मिळविले होते. आपण त्याला जलतरंग म्हणतो.

एकच छोटीशी स्वरावली फिरून फिरून येते आणि तिच्यावर तो भारदस्त आवाज चढत जातो, एवढाच त्या गीताचा बांधा आहे. बाईंनी स्वतःच त्याला मंत्राची उपमा दिली आहे. मंत्र म्हणण्याइतके आम्ही पुढे जाणार नाही. पण तंबोऱ्याच्या चार तारा अखंड छेडलेल्या ऐकत वाढलेल्या कानाला त्या आवर्तनाचा कंटाळा येत नाही, हे मात्र खरे.

यंत्राने वाजविलेला ठेका म्हणजे संगीत का, हा वाद त्या वेळी तिकडे चांगलाच पेटला होता. १९८२ साली ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ढोलयंत्रे यांवर बंदी घालावी असा ठरावच केला. वादकांच्या पोटावर पाय येईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. संघटनेने देशभर ती बंदी अमलात आणली नाही, म्हणून हा ठराव आज गमतीचा वाटतो. परंतु हसण्याआधी आपण आपल्या पेटीकडे पाहावे. ती एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये निघालेल्या यंत्राची लेक. मींड तिच्यावर निघत नाही, श्रुती तिच्यावर बसत नाहीत, अशी तक्रार करून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे तिला दाराबाहेर ठेवले होते. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिच्यातून काय काय काढून दाखविले ते सर्वश्रुत आहे. आज पेटीवाचून भजन म्हणजे आपल्याला मिठावाचून वरण वाटते. आरतीच्या वेळी कळ दाबली की नगारा, झांज आणि घंटा एकदम वाजविणारे विजेचे यंत्र आता कित्येक देवळांत आले आहे. ते मात्र आम्हांस अजून सहन होत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. यंत्राला आमची हरकत नाही. त्याच्या पलीकडे कोणी बसलेले नसते, याला आहे.

पेटीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्याकडे सध्या वाटणीचा एक दावा चालू आहे. दोन सख्खे भाऊ. थोरला पेटीवर बसून गाई, धाकटा तबल्याला. दर सोमवारी गावच्या देवळाच्या सभामंडपात त्यांचे भजन होई, आणि लांबलांबची माणसे ते ऐकायला येत. वडील गेल्यावर घर आणि कुळागर यांवरून तेढ आली. दाव्याला जोडलेल्या जंगम मालमत्तेच्या परिशिष्टात तांब्याची भांडी, पंप, दोन कपाटे यांच्याखाली सातव्या ओळीत ‘पेटी एक, डग्गा-तबला जोड एक’ असे आमच्याच हाताने लिहिलेले आहे. थोरले आमचे अशील. आम्ही एकदा त्यांना विचारले, “दावा कोर्टात चालला आहे तो चालू द्या, पण सोमवारचे भजन का बंद पडले?” ते म्हणाले, “वकीलसाहेब, कोर्टात जो माझ्यासमोर उभा, तो देवळात माझ्या शेजारी कसा बसणार? आणि तो नसला तर मी गाऊ कसा?” पहिल्या प्रश्नाला आमच्याजवळ कायद्याचे उत्तर होते, कारण दिवाणी दाव्यात प्रतिवादीच्या शेजारी बसण्यास कोणतीही मनाई नाही. दुसऱ्याला नव्हते. त्या दिवशी कचेरीतून घरी जाताना आमच्या डोक्यात तसबिरींच्या कारखान्यावरची ती माडी होती. तेथेही दोघांना एकमेकांशेजारी बसणे काही सुखाचे नव्हते. बाई आजारी पडल्या त्या बसण्यानेच असेल कदाचित. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माडीवर गेल्या.

गीत तयार झाले, पण कंपनीतील मंडळींना ते पसंत पडेना. यात ध्रुवपद कुठे आहे, असा त्यांचा आक्षेप. अखेर १९८३ च्या आरंभी ते निघाले आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका नभोवाणी निवेदकाने ते संग्रहातून उचलून लावण्यास सुरुवात केली आणि ऐकणाऱ्यांचे फोन येऊ लागले, असे सांगतात. ३ सप्टेंबर १९८३ च्या आठवड्यात ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. आठ आठवडे तेथे ठाण मांडून बसलेले पोलीस या संचाचे गीत त्याने खाली उतरविले. उसन्या गीतावर चौथा क्रमांक मिळविणाऱ्यांना स्वतःच्या गीतावर पहिला मिळाला, त्याला मध्ये चार वर्षे लागली.

गीताबरोबर एक चित्रफीतही काढली होती. तिच्यात एका कंपनीच्या बैठकीची खोली आहे, भिंतीवर सोनेरी तबकड्या टांगल्या आहेत, केशरी रंगाचे आखूड केस आणि पुरुषी सूट अशा वेषात बाई हातात छडी घेऊन उभ्या आहेत, आणि त्या खोलीत खरीखुरी गाय हिंडते आहे. गोमातेचा गौरव हा त्यामागचा हेतू नसावा. पण ज्या ज्या वेळी आम्ही ती चित्रफीत पाहिली, त्या त्या वेळी साऱ्या देखाव्यात ती गायच काय ती निवांत आणि स्वाभाविक वाटली.

सूट घालण्यामागे बाईंचा विचार होता. रंगमंचावर आपण स्ट्यूअर्ट यांच्या बरोबरीच्या दिसाव्यात, शोभेची बाहुली म्हणून कोणी पाहू नये. त्याचा परिणाम भलताच झाला. आधीच्या एका गीताच्या चित्रफितीत त्या डोक्यावरचा केसांचा टोप उतरवितात. ते पाहून एमटीव्ही या अमेरिकन दूरचित्रवाहिनीच्या अधिकाऱ्यांना हा बाईच्या वेषातील पुरुष असावा अशी शंका आली आणि त्यांनी ती दाखविणे थांबविले. बाई ही बाईच आहे, याची कागदपत्रे कंपनीला सादर करावी लागली! वकील म्हणून आम्ही नाना तऱ्हेचे दाखले न्यायालयापुढे ठेवले आहेत. असा दाखला मागितलेला ऐकला नव्हता. बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर आले तेव्हा मुंबई-पुण्यापासून बडोद्या-इंदुरापर्यंत कोणी त्यांच्याकडे कागद मागितला नाही. उलट त्यांच्या लुगड्याची नेसण घरोघरच्या बायकांनी उचलली. आणि बाईंनी या प्रकाराचे उत्तर कसे दिले? फेब्रुवारी १९८४ मध्ये ग्रॅमी पारितोषिकांच्या समारंभात त्या एल्व्हिस प्रेस्ली यांच्या धर्तीच्या पुरुषी वेषात, कल्ले लावून आल्या आणि तेच गीत गाऊन गेल्या.

त्यानंतरचे थोडक्यात सांगता येईल. लंडनच्या क्राउच एन्ड भागात एका जुन्या चर्चच्या इमारतीत त्यांनी आपले ध्वनिमुद्रणगृह नेले. १९८३ च्या अखेरीचा ‘टच’ हा संग्रह ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाचा ठरला. १९८५ साली स्टीव्ही वंडर यांच्या माउथ ऑर्गनच्या साथीने केलेले गीत ब्रिटनच्या यादीत अव्वल आले. ब्रिटनमध्ये त्यांच्या वाट्याला असे एकच गीत. अ‍ॅरीथा फ्रँकलिन यांच्याबरोबरही त्या गायिल्या. यंत्रे मागे पडत गेली, गिटार आणि तुताऱ्या पुढे आल्या. या काळातले त्यांचे संगीत अधिक दणदणीत आहे. आम्हांस माडीवरचे अधिक आवडते. हातात साधने थोडी असतात तेव्हा माणूस प्रत्येक स्वराला विचारून आत घेतो.

मध्यंतरी १९८४ साली लेनॉक्सबाईंनी हरे कृष्ण पंथातील एका जर्मन अनुयायाशी विवाह केला. तो पुढच्याच वर्षी मोडला. १९८७ साली स्ट्यूअर्ट यांनी दुसऱ्या एका संचातील गायिकेशी विवाह केला. एकाचे लग्न होत होते, दुसऱ्याचे मोडत होते, आणि पेढीचे दार रोज उघडत होते. गीतांखाली दोघांची नावे जोडीने येत राहिली. हे सारे गोडीगुलाबीने चालले होते असे समजण्याचे कारण नाही. दोघेही हट्टी, एक सतत हिंडणारा, दुसरी एकांत शोधणारी. १९८९ च्या संग्रहानंतर दोघे थकले आणि १९९० पासून आपापल्या वाटेने गेले. बाईंनी एकटीने गायिलेल्या गीतांना मोठे यश मिळाले, स्ट्यूअर्ट इतरांची गीते बांधीत राहिले. पुढे बरीच वर्षे त्यांचे एकत्र काही आले नाही. मग १९९९ साली ‘पीस’ हा संग्रह दोघांनी केला आणि त्यानंतरच्या दौऱ्याचे उत्पन्न ग्रीनपीस आणि अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थांना दिले. नफा वाटून घेण्यावरून पेढ्या मोडताना आम्ही रोज पाहतो. नफा वाटून टाकण्यासाठी मोडलेली पेढी पुन्हा उघडल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील रॉक संगीताच्या सन्मानमंदिरात त्यांची नावे कोरली गेली. त्या प्रसंगी लॉस एंजेलिस येथे दोघे पुन्हा एका रंगमंचावर उभे राहिले. बाई सदुसष्ट वर्षांच्या, स्ट्यूअर्ट सत्तरीचे. चॉक फार्मच्या माडीवर रचलेले ते गीत त्यांनी त्या रात्रीही गायिले. ठेका सुरू झाला तेव्हा आधी बाईंनी मान वळवून शेजारी पाहिले की स्ट्यूअर्ट यांनी, ते चित्रफितीवरून आम्हांस नीटसे ठरविता आले नाही.